अँकर, नांगर आणि जुनी लडी

भरतकामाच्या जुन्या दोऱ्याची खरेदी-विक्री, म्हणजे एका घरात हौसेने आणलेला आणि तिथे न वापरला गेलेला दोरा दुसऱ्या घरात तितक्याच हौसेने नेऊन ठेवण्याचा व्यवहार, हा वापरलेल्या वस्तूंच्या बाजारातला एक चमत्कारिक प्रकार मानावा लागतो. जुनी सायकल कोणी तरी चालवलेली असते, जुनी साडी कोणी तरी नेसलेली असते, जुन्या पुस्तकाच्या समासात कोणी तरी पेन्सिलीने आपली असहमती नोंदवलेली असते. दोऱ्याचे मात्र तसे नाही, कारण जो दोरा वापरला गेला तो कापडावर गेला आणि तिथून तो परत विकायला येत नाही. त्यामुळे बाजारात येणारा जुना दोरा हा व्याख्येनेच न वापरलेला असतो. त्यात हात तेवढा दुसरा असतो, दोरा पहिलाच.

या दोऱ्याला अलीकडे ‘विंटेज’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा शब्द मुळात द्राक्षांच्या मद्याचा, म्हणजे ते ज्या वर्षीच्या द्राक्षांपासून बनले त्या वर्षाचा निर्देश करणारा. पण आता ज्या वस्तूला ‘जुनी’ म्हटल्यास गिऱ्हाईक भाव पाडेल अशा कोणत्याही वस्तूला तो लावला जातो. कायदा याबाबतीत फारच कंजूष आहे. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार एखादी वस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी तिचे वय किमान शंभर वर्षे असावे लागते, हस्तलिखितांना तेवढी पंचाहत्तर वर्षांची सवलत आहे. आजीच्या डब्यातली पोपटी लडी त्यामुळे अजून काही दशके कायद्याच्या दृष्टीने नुसताच दोरा राहणार, आणि ती वयात येईपर्यंत तिला कसरीपासून सांभाळण्याची जबाबदारी पुढच्या पिढ्यांवर पडणार.

लडी म्हणजे दोऱ्याचे ते लांबट वेटोळे, ज्याच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी गुंडाळलेली असते. आत साधारण आठ मीटर दोरा असतो आणि त्या दोऱ्याला सहा पदर असतात. म्हणजे एकेक पदर सुटा केल्यास अठ्ठेचाळीस मीटर, हा हिशेब घासाघीस करताना विकणारीला आठवतो आणि घेणारीला आठवत नाही. दोऱ्याची चकाकी ही कापसाची जन्मजात नव्हे. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने १८४४ च्या सुमारास सुती कापडावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली, पण कापड आकसू लागल्यामुळे गिरणीवाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली आणि सुताला रेशमासारखी झळाळी आली. या क्रियेला मर्सरायझेशन म्हणतात. कष्ट ताणून धरणाऱ्याचे आणि नाव आकसवणाऱ्याचे, अशी ही वाटणी संयुक्त कुटुंबात वाढलेल्या वाचकाला नवी वाटू नये.

मराठी घरांतून या दोऱ्याचे नाव ‘अँकर’. त्याचे मूळ स्कॉटलंडमध्ये: तिथल्या पेसली गावच्या क्लार्क कुटुंबाने नेपोलियनच्या काळात रेशीम मिळेनासे झाले तेव्हा त्याच्या जागी चालेल असा गुळगुळीत सुती दोरा काढला. पुढे १८९६ मध्ये क्लार्कांचा धंदा त्याच गावच्या कोट्स कुटुंबाच्या धंद्यात विलीन झाला, आणि भारतात तो १९७४ पासून मदुरा कोट्स या नावाने ओळखला गेला. त्याच्या तोडीचे दुसरे नाव डी.एम.सी., म्हणजे फ्रान्समधील म्युलूझ गावची १७४६ सालापासूनची डॉल्फस-मीग कंपनी. दोन्ही कंपन्यांनी रंगांना नावांऐवजी आकडे दिले, आणि इथून पुढचा सगळा घोळ सुरू झाला. अँकरचा काळा तो ४०३, डी.एम.सी.चा काळा तो ३१०. अँकरचा जो ४६, त्याच्या जवळचा तांबडा डी.एम.सी.त ६६६. ज्या भाषेत डाळिंबी, अंजिरी, गुलबक्षी, आमसुली, अबोली, पारवा आणि चिंतामणी असे रंग बोटाने न दाखवता नुसत्या शब्दाने कळत होते, त्या भाषेतल्या बायका दुकानात जाऊन ‘सेहेचाळीस द्या’ म्हणू लागल्या. कागदी पट्टी शाबूत आहे तोवर हे ठीक चालते. पट्टी हरवली की लडी अनाथ होते, कारण आकडा गेला आणि नाव तर आधीच सोडलेले.

एवढा दोरा महाराष्ट्रातल्या घरांत न वापरता का पडून आहे, याचे कारण शिक्षणात आणि लग्नात शोधावे लागते. मुलींच्या शाळांनी सुरुवातीपासून शिवण-टिपण अभ्यासात धरले, पुण्याच्या सेवासदनासारख्या १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थेने ते प्रौढ स्त्रियांपर्यंत नेले, आणि साखळी टाका, गाठीचा टाका, काश्मिरी टाका येणे हे बाराखडी येण्याच्या पंक्तीला जाऊन बसले. लग्नात याचे प्रदर्शन भरे ते रुखवतात. रुखवत म्हणजे वधूपक्षाने वरपक्षापुढे मांडायचे फराळाचे पदार्थ आणि वधूने, निदान अधिकृतरीत्या, स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू. यातल्या निम्म्या वस्तू मावशीने आणि शेजारणीने केलेल्या आहेत हे दोन्ही पक्षांना ठाऊक असे, आणि वरपक्षाकडच्या लेकींच्या रुखवतातही तेच झालेले असल्यामुळे कोणी चौकशी करत नसे. उशीच्या अभ्र्यावर ‘स्वीट ड्रीम्स’, मॅटीच्या कापडावर फुलीटाक्यांचा चौकोनी पोपट, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यानंतर टी.व्ही.चे कव्हर, ज्याच्यावर समोरासमोर बसलेले दोन ससे असत. या कव्हराने भरतकामाला वीस-पंचवीस वर्षे जगवले असे म्हणता येईल. मग टी.व्ही. चपटा होऊन भिंतीला चिकटला, टेलिफोन खिशात गेला, रुखवत तयार विकत मिळू लागले, आणि कव्हर घालण्याजोगे घरात काही उरले नाही. दोरा मात्र उरला.

तो उरण्यामागे आणखी एक यांत्रिक कारण आहे, ज्याला ‘एक लडी जास्त’चा नियम म्हणता येईल. कारखान्यात दोरा खेपेखेपेने रंगवला जातो आणि एकाच आकड्याच्या दोन खेपांत नखभर फरक पडतोच. त्यामुळे अनुभवी बाई सुरुवातीलाच एक लडी जास्त आणते, कारण अर्ध्या पानावर दोरा संपला तर उरलेले अर्धे पान वेगळ्या झाडाचे दिसते. अशी प्रत्येक नमुन्यामागे एक लडी शिल्लक राहते. जिने ही काळजी घेतली नाही तिचा नमुनाच शिल्लक राहतो. पहिली आपल्या लड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते, दुसरी आपला अर्धा मोर ट्रंकेच्या तळाशी ठेवते, आणि चाळीस वर्षांनी एकीची सून डबा काढायला बसते तेव्हा दुसरीची मुलगी मोर पुरा करायला निघते. जुन्या दोऱ्याचा बाजार या दोघींची गाठ घालून देण्यासाठी अस्तित्वात आहे, पण त्या दोघी सहसा एका गावात राहत नाहीत.

असा एखादा डबा मोरा गावी असणे हे या दृष्टीने अगदी शक्य आहे. उरण तालुक्यातले मोरा हे बंदर मुंबईच्या समोर, घारापुरीच्या शेजारी. एकोणिसाव्या शतकात हा उरणचा पट्टा मिठागरांसाठी आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होता, म्हणजे चव आणि तोल या दोन्ही गोष्टी इथून मुंबईला जात. आज तो नवी मुंबईच्या नकाशात धरला जातो. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत लोकल गाडी आली आणि त्याच दिवशी शिवडी ते न्हावा-शेवा या सुमारे २२ किलोमीटरच्या अटल सेतूचेही उद्घाटन झाले, तरी मोऱ्याहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच चालूच आहे. ही लाँच घड्याळापेक्षा समुद्राचे अधिक ऐकते, कारण बंदरात गाळ साचल्यामुळे मोठ्या ओहोटीला ती धक्क्याला लागू शकत नाही. परगावाहून भरतकामाचा दोरा शोधायला आलेल्या पाहुणीने मोऱ्यात ‘भरती’बद्दल विचारले तर तिला वेळापत्रक सांगितले जाईल, यात सांगणाऱ्याची काही चूक नाही.

शब्दांचा दुसरा घोटाळा अँकरचा. मराठीत शेतातला नांगर आणि बोटीचा नांगर हे एकाच नावाने ओळखले जातात, आणि लडीच्या पट्टीवर छापलेले चित्र बोटीच्या नांगराचे असते. घाटावरच्या गावात ते चित्र म्हणजे काही तरी विलायती कलाकुसर. मोऱ्याच्या कोळीवाड्यात मात्र तीच वस्तू दारासमोर गंज खात पडलेली असते, आणि दोऱ्याच्या इवल्याशा लडीवर कोणी नांगर का छापावा, एवढ्याशा दोऱ्याने कोणती होडी धरून ठेवायची आहे, असा प्रश्न कोळणीला पडला तर तो गैरलागू म्हणता येत नाही.

कोळीवाड्याचे दोऱ्याशी नाते भरतकामापेक्षा कितीतरी जुने आहे. नायलॉन येण्यापूर्वी, म्हणजे साधारणपणे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, या किनाऱ्यावरची जाळी तागाच्या आणि कापसाच्या सुताची असत, ती खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या कषायात बुडवली जात, आणि तरीही वरचेवर सांधावी लागत. नायलॉनची जाळी कुजत नाहीत, पण फाटतात. म्हणून आजही बंदरावर पुरुषमाणसे पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून, हातात सुई घेऊन, तासन् तास एकेक घर सांधत बसलेली दिसतात. सुई इथेही, दोरा इथेही, गाठही बऱ्यापैकी गाठीच्या टाक्याची चुलतबहीण. पण याला कोणी हस्तकला म्हणत नाही, याचे वर्ग निघत नाहीत, आणि याचे रुखवतही मांडले जात नाही. सुईदोरा ही बायकांची बाब आहे असे ज्यांचे मत असेल त्यांनी ते मोरा बंदरावर दुपारच्या वेळी जरा हळू आवाजात मांडावे. फाटून निकामी झालेल्या जाळ्यालाही इथे गिऱ्हाईक असते, कारण ते परसातल्या वेलांना आणि कोंबड्यांच्या खुराड्याला उपयोगी पडते. जुना दोरा विकत घेणे ही कल्पना त्यामुळे या गावाला परकी नाही. फक्त तो उपयोगासाठी घेतला जातो, एवढाच काय तो मतभेद.

शहरात जुन्या वस्तू गोळा करणाऱ्यांच्या ज्या ठरलेल्या जाती आहेत, त्यांपैकी एकीलाही भरतकामाचा दोरा नको असतो. बोहारीण, म्हणजे जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बाई, साड्या उजेडात धरून पाहते आणि पाच साड्यांवर एक पातेले, तेही झाकणाशिवाय, या बोलीवर ठाम राहते; लड्यांचा डबा तिच्यापुढे केल्यास ती फक्त डब्याकडे पाहते. भंगारवाल्याचा सगळा कारभार वजनावर, आणि एक लडी जेमतेम एक-दोन ग्रॅम भरत असल्यामुळे किलोच्या मापात एका बाईची अख्खी हौस बसत नाही. जुनी जर घेणारा तेवढा दोऱ्याचा खरा जाणकार असे. जर म्हणजे रेशमी सुताभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून तिच्यावर सोन्याचे पाणी चढवलेला धागा. जुन्या शालूचा काठ घेऊन तो जाळायचा, राखेतली चांदी वितळवायची आणि पैसे मोजायचे, हा त्याचा व्यवसाय. जुन्या धाग्याची एवढी स्पष्ट, एवढी निःसंदिग्ध पारख दुसऱ्या कोणी केलेली नाही. साध्या सुती लडीला अशी अग्निपरीक्षा देता येत नाही, कारण तिच्या राखेत काहीच सापडत नाही.

त्यामुळे शोध घेणाऱ्यांची पावले चोर बाजाराकडे वळतात. भाऊच्या धक्क्यावर उतरून डॉकयार्ड रोडला गाडी धरली की पुढचे स्टेशन सँडहर्स्ट रोड, आणि तिथून मटण स्ट्रीट चालण्याच्या अंतरावर आहे. शुक्रवारी रस्त्यावर जो जुन्या बाजाराचा पसारा मांडला जातो त्यात शिवणयंत्रांच्या टेबलांना जोडलेल्या खणांतून बटणे, बॉबिनी आणि गुंतलेल्या लड्या निघतात. विकणारा खणासकट भाव सांगतो. घेणारीला फक्त त्यातली मोरपंखी लडी हवी असते, पण तसे चेहऱ्यावर दिसू न देणे हे या बाजारातले पहिले शास्त्र असल्यामुळे ती गंजलेल्या ग्रामोफोनकडे पाहत उभी राहते आणि कधी कधी ग्रामोफोनच घेऊन घरी येते.

गिऱ्हाइकांचे दोन संप्रदाय मानता येतात. पहिला पूर्तीवाद्यांचा, ज्यांच्याकडे अर्धा मोर आहे. दुसरा संग्रहवाद्यांचा, ज्यांच्याकडे मोर नाही पण पट्टीसकट कोरी लडी असणे हेच ज्यांना पुरेसे वाटते. पूर्तीवादी पट्टी सोडून दोरा पाहतात, संग्रहवादी दोरा सोडून पट्टी पाहतात. पट्टीवर छापलेली जुनी किंमत दोघेही पाहतात आणि दोघांनाही ती विकणारीने पाहिली नसावी असे वाटते. पूर्तीवाद्यांची बाजू अधिक सहानुभूतीची असली तरी त्यांच्या वाट्याला निराशाही अधिक येते, कारण अचूक आकड्याची, त्याच सुमाराची लडी मिळाल्यावरही ती मोराशी जुळत नाही; ट्रंकेतला मोर चाळीस वर्षांत विटलेला असतो आणि डब्यातली लडी अंधारात राहून तशीच टवटवीत राहिलेली असते. अशा वेळी नवा दोरा काही दिवस उन्हात टाकून मुद्दाम विटवावा, असा सल्ला जाणत्या बायका देतात, आणि मग एवढ्या लांबून जुना दोरा आणला कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्या देत नाहीत.

जुना दोरा घेण्यापूर्वी त्याच्या काही चाचण्या कराव्यात असे सांगितले जाते. ओल्या पांढऱ्या फडक्यावर तांबडा आणि जांभळा दोरा चोळून पाहावा, म्हणजे पहिल्याच धुण्यात मोर रडणार की नाही ते समजते. वास घ्यावा, डांबराच्या गोळीचा आला तर बरे, कुबट आला तर बुरशीची शंका धरावी, आणि समुद्रकाठच्या घरातून आलेल्या डब्यात लडीला टोचून ठेवलेली सुई आहे का ते अगोदर पाहावे, कारण खाऱ्या हवेत ती गंजते आणि तिचा तपकिरी डाग सगळ्या वेढ्यांवर एकाच जागी उमटतो. सगळ्यांत महत्त्वाची चाचणी ताणाची. एक पदर सुटा करून दोन्ही हातांनी झटका द्यावा. चांगला सुती पदर बोटाला कापल्यासारखा लागतो, कुजलेला पदर काही न बोलता दोन होतो. जुने काळे आणि तपकिरी दोरे याबाबतीत विशेष संशयित, कारण पूर्वी त्या रंगांसाठी वापरले जाणारे लोहयुक्त क्षार काळाच्या ओघात तंतूच खातात. ही चाचणी गिऱ्हाईक हळुवारपणे, जणू नाडी पाहावी तशी करते. कोळीवाड्यातली बाई ती जाळ्याच्या हिशेबाने करते.

व्यवहार होतो तो साधारण असा. डबा उघडला जातो. वरच्या थरात बटणे, हुक, अर्धी मेणबत्ती, एक रेशनकार्डाची झेरॉक्स आणि कोणाच्या तरी झबल्याची सुटलेली नाडी; त्याखाली लड्या, काही पट्टीसकट, काही वर्तमानपत्राच्या चिठोऱ्यावर गुंडाळलेल्या, आणि तळाशी सहा-सात रंगांचा एकजीव झालेला गुंता, ज्यातून एकही टोक बाहेर आलेले नसते. गिऱ्हाईक गुंत्यात बोट घालून मोरपंखी रंगाचे एक वेटोळे ओढते आणि श्वास रोखते. ‘जुना आहे ना?’ असे ती विचारते, आणि तिच्या दृष्टीने ही स्तुती असते. ‘जुना असला तरी चांगला हाय,’ असे उत्तर मिळते, कारण सांगणारीच्या दृष्टीने तो आरोप असतो. ती पुढे होऊन एका लडीचे सहाही पदर एकदम दोन मुठींत धरते आणि बोंबलाचे दोर ताणावेत तसा झटका देते. दोरा टिकतो, गिऱ्हाईक किंचाळता किंचाळता थांबते. किंमत ठरायला वेळ लागत नाही. घेणारीला ती फार कमी वाटते म्हणून ती गप्प राहते, विकणारीला फार जास्त वाटते म्हणून तीही गप्प राहते, आणि अशी शांतता कोळणीशी चाललेल्या सौद्यात फारशी ऐकायला मिळत नाही.

अडचण येते ती डब्याशी. घेणारीच्या मते डबा हाही मालाचाच भाग, त्याच्या झाकणावरचे झिजलेले चित्र दोऱ्याइतकेच विंटेज, आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजायची तिची तयारी असते. विकणारी झाकणाची कड अंगठ्याने दाबून पाहते. पत्रा जाड आहे, झाकण घट्ट बसते, आत हवा जात नाही, मुंग्या शिरत नाहीत. ‘दोरे न्या, बाय,’ ती म्हणते, ‘डबा नाय देनार.’ लड्या मिठाईच्या दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या जातात, गुंता वर ठेवला जातो, आणि ओहोटी लागण्यापूर्वीची शेवटची लाँच गाठायला गिऱ्हाईक धक्क्याकडे निघते. घरात डबा फडक्याने पुसला जातो आणि त्यात पावसाळ्यासाठी सोडे भरले जातात.